आठवणीच्या कॉफीची किटली

मी एक जुनी तांब्याची किटली आहे. साधीसुधी नव्हे, अख्ख्या गावाला एका दमात कॉफी पाजेल एवढ्या पोटाची. आता ते पोट एका बाजूने चेपले आहे, झाकण मूळचे नाही, आणि चोच जराशी वाकल्यामुळे ओतताना माझे थोडे सांडते. म्हातारपणी कुणाचे सांडत नाही? तेव्हा मित्रांनो, हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. माझी हकिकत पुढे फारशी हसण्यासारखी नाही.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका बंदराच्या शहरात, तांबटाच्या दुकानात झाला. त्याने पत्रा ठोकठोकून मला आकार दिला, आतून कल्हई केली, चोच डाख लावून जोडली आणि मुठीला वेत गुंडाळला. दूर उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातल्या स्कार्वोया बेटावरच्या महिला मंडळाने लोकरीचे मोजे विणून विकले आणि त्या पैशांतून मला घेतले. पेंढ्यात गुंडाळलेली मी बोटीतून उतरले, तेव्हा धक्क्यावर बायकांची गर्दी झाली होती. "अगं बाई, हिच्यात तर माझं तान्हं मावेल!" असे त्यांच्यातली एक म्हणाली. नव्या नवरीचे व्हावे तसे माझे कौतुक झाले.

सभाघरातल्या लाकडाच्या चुलीवर माझी जागा ठरली. बेटावर कॉफी गाळत नाहीत. पाणी खळखळले की दळलेली कॉफी मुठीने आत टाकायची, आणि गाळ तळाला बसावा म्हणून वाळवलेल्या माशाच्या कातडीचा एक तुकडा सोडायचा. नाक मुरडू नका. त्या कॉफीला माशाचा वास येत नाही, आणि आलाच तर तिथे कुणाला कळत नाही. लोक ती बशीत ओतून, साखरेचा खडा दातांत धरून, फुरके मारत पीत. बारसे असो, लग्न असो, मे महिन्यातल्या राष्ट्रीय दिनाची झेंड्यांची मिरवणूक असो, माझ्यावाचून कुणाचे पान हलत नसे. मला त्याचा थोडा गर्वही चढला होता, हे कशाला लपवू?

पण या लोकांचा एक स्वभाव मला पहिल्यापासून खटकत आला. बेटावरची माणसे जिवाला जीव देणारी. रात्रीअपरात्री वादळात होडी घालून शेजाऱ्याला शोधायला जातील. पण मनातले बोलायचे म्हटले की सगळ्यांची दातखीळ बसायची. "कसं काय?" विचारले की "चाललंय." मग वारा, मग कॉड मासा, मग पुन्हा वारा. कुणाचे मूल गेले, कुणाचे घर मोडले, तरी शेजारीण ताटभर पोळ्या घेऊन येणार, टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, "आज जरा उघडलंय नाही?" दुःखाविषयी न विचारणे हीच तिथली माया.

याला एकच अपवाद होता, आठवणीची कॉफी. कुणी वारले की चर्चमधून सगळे थेट सभाघरात यायचे. मी चुलीवर तयार असायचे. मग एकेकाने चमचा कपावर वाजवून उठायचे आणि गेलेल्या माणसाची एक आठवण सांगायची. एरवी गप्प असणारी ती माणसे तेवढ्यापुरती बोलायची, हसायची, रडायची. सगळे सांगून झाले की मी रिकामी झालेली असायचे आणि लोक जरा हलके होऊन घरी जायचे. माणूस जिवंत असताना हे का बोलत नाहीत, असा प्रश्न मला नेहमी पडे. पण मी पडले किटली. मला तोंड आहे, पण त्यातून फक्त कॉफी येते.

एका वर्षी, कॉडच्या हंगामात, आस्बियॉर्न नावाच्या कोळ्याची होडी बुडाली. होडीवर दोघे होते, तो आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र ओड्मुंड. शेजारच्या बेटावरच्या लोकांना संध्याकाळी ओड्मुंड उलटलेल्या होडीच्या पाठीवर गारठून थिजलेला, पण जिवंत सापडला. आस्बियॉर्न सापडला नाही, नंतरही कधी सापडला नाही. त्याच्या मागे त्याची बायको टोर्डिस आणि टेबलाखाली लपून खेळण्याच्या वयाची मुलगी सिन्नोवे, एवढ्या दोघी राहिल्या.

पुरायला काही नव्हते, तरी आठवणीची कॉफी झालीच. सभाघर गच्च भरले. मास्तर बोलले, पाद्री बोलले, दुकानदार बोलला. टोर्डिस काळ्या कपड्यांत ताठ बसून होती. ती ऐकत होती, पण तिचे डोळे एकाच माणसावर होते. ओड्मुंड टोकाच्या खुर्चीवर बसला होता. त्याचे दोन्ही हात पट्ट्यांत बांधलेले होते. आस्बियॉर्नचे शेवटचे तास त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हते, आणि टोर्डिसला तेवढेच हवे होते.

शेवटी तो उठला. त्याला चमचा धरता येत नव्हता, म्हणून तो नुसताच उभा राहिला. त्याचे ओठ थरथरत होते. त्या क्षणी मी गुनवोरबाईंच्या हातात होते. त्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. मोठ्या हाडापेराच्या, मोठ्या आवाजाच्या आणि त्याहून मोठ्या मनाच्या. त्यांना त्या पोराची अवस्था पाहवली नाही. त्या लगबगीने पुढे गेल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवले.

"बस रे राजा. काही बोलायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही काही विचारणार नाही तुला. कॉफी घे आधी, गरम आहे."

आणि माझ्यातली कॉफी त्याच्या कपात ओतली. सगळ्यांनी माना डोलावल्या. किती समजूतदार बाई, असेच प्रत्येकाच्या तोंडावर होते. ओड्मुंडने कपाकडे पाहिले. मग कुणीतरी म्हणाले, वारा आता दक्षिणेकडून वळेल.

सगळे गेल्यावर टोर्डिस मागे राहिली आणि मोरीत उभी राहून मला घासू लागली. गुनवोरबाई नको नको म्हणत होत्या, पण तिने ऐकले नाही. एकटी झाल्यावर तिने राख लावून मला इतके घासले, की माझी कातडी निघते की काय असे मला वाटले. घासता घासता ती पुटपुटत होती.

"सकाळी भांडले मी त्याच्याशी. मला शहरात राहायला जायचं होतं, सिन्नोवेच्या शाळेसाठी. तो नाही म्हणाला. मग मी त्याला डबा भरून दिला नाही. नीट जा, एवढंसुद्धा म्हणाले नाही. उपाशी गेला गं तो. उपाशी, आणि माझ्यावर रागावून."

तिने हे पुन्हा कुणालाही सांगितले नाही. दगडाला पाझर फुटतो म्हणतात. तांब्याला फुटत असता तर मी त्या दिवशी गळाले असते.

नंतरची वर्षे, मित्रांनो, मला आठवायला आवडत नाहीत. ओड्मुंडने समुद्र सोडला. तो धक्क्याजवळच्या कारखान्यात मासे सोलायला लागला. लग्न केले नाही. प्रत्येक समारंभाला तो यायचा, टोकाच्या खुर्चीवर बसायचा, आणि गुनवोरबाई सगळ्यांच्या आधी त्याच्या कपात कॉफी ओतायच्या. मग त्याच्याशी कुणीतरी वाऱ्याविषयी बोलायचे. टोर्डिस मात्र तो दुकानात शिरला की दुकानातून बाहेर पडायची. दुकानदाराची बायको तिला म्हणायची, "जाऊ दे टोर्डिस, काळ जाईल तसं विसरशील." टोर्डिस म्हणायची, "हो ना." आणि घरी जायची.

सिन्नोवे मोठी होत होती. कधी सभाघरात भांडी पुसताना ती कुणालाही धरून विचारायची, "माझे बाबा कसे होते?" "चांगला माणूस होता हो तुझा बाबा," एवढेच उत्तर मिळे, आणि पाठोपाठ तिच्या हातावर एक बिस्कीट ठेवले जाई. त्या पोरीला गावाने बिस्किटे पुष्कळ दिली. बाप कुणी दिला नाही. शिकायला म्हणून ती ट्रोम्सो शहरात गेली, तिथेच मास्तरीण झाली, आणि सणावारीसुद्धा फारशी येईनाशी झाली. टोर्डिसच्या घरात मग फक्त भिंतीवरचे घड्याळ बोलत असे. तिच्या मनाची अवस्था मला तिच्या हातांवरून कळायची: ती मला घासायला यायची तेव्हा पूर्वीसारखा जोर राहिला नव्हता.

मग एक दिवस सभाघरात विजेचे कॉफीयंत्र आले. पांढरे, चकचकीत, बटण दाबले की घरघरणारे. मला पुसून, कौतुकाचे दोन शब्द बोलून, कोठीतल्या वरच्या फळीवर ठेवले. पहिल्या वर्षी कुणीतरी माझ्यात सुकलेली फुले खोचली. पुढे कुणी तेवढेही केले नाही. अंगावर हिरवे डाग चढले. एकदा फळीवरून पडले, चेपले आणि तशीच राहिले. झाकण घरंगळत कुठे गेले, ते शोधायला कुणी वाकले नाही. अंधारात पडून राहिल्यावर मला ओड्मुंड जास्त कळू लागला. भरलेले असून कुणी न ओतणे, याहून वाईट काय असते?

मला पुन्हा खाली काढले ते गुनवोरबाईंच्या मरणाने. बाई पिकल्या पानासारख्या, झोपेत गेल्या. पण जाण्याआधी बजावून ठेवले होते, "त्या यंत्राचं कोमट पाणी माझ्या नावानं कुणाला पाजलंत, तर पेटीतून उठून येईन. किटली काढा." त्यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, तेव्हा कुणाची छाती झाली नाही. टोर्डिसने मला घासले, शेजारच्या पातेल्याचे झाकण बसवले, माशाची कातडी कुठूनशी मिळवली. सिन्नोवे अंत्ययात्रेला आली होती. ओतायचे काम तिच्याकडे आले. तिच्या केसांत आता एखादी पांढरी बट दिसत होती.

आठवणी सांगून होत होत्या. गुनवोरबाईंच्या आवाजाने एकदा पाद्रींचे प्रवचन कसे अडले, हे ऐकून लोक हसत होते. तेवढ्यात टोकाच्या खुर्चीवर कपावर चमचा वाजला. ओड्मुंड उठला होता. म्हातारा, वाकलेला, धाप लागलेला.

"गुनवोरनं मला कायम पहिला कप दिला," तो म्हणाला. "इतकी वर्षं. तिच्या मनात माया होती, ते मला कळायचं. पण आस्बियॉर्नच्या कॉफीला मी उठलो होतो. मला बोलायचं होतं. तिनं मला बसवलं. मला वाटलं, गावाचं ठरलंय. माझ्या तोंडून कुणाला काही ऐकायचं नाहीये."

सगळे खाली बघू लागले. दुकानदाराच्या बायकोने सिन्नोवेला कोपराने ढोसले. "ओत, ओत त्याला. बिचारा बघ कसा थरथरतोय."

सिन्नोवे त्याच्याजवळच उभी होती. सवयीने तिने मला कलतीही केली. माझ्या चोचीत कॉफी आली होती. मग तिने मला सरळ केले आणि टेबलावर ठेवून दिले.

"कॉफी राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही बोला ओड्मुंडकाका. मला ऐकायचंय."

त्याने चमचा खाली ठेवला. मग थांबत थांबत बोलू लागला.

"लाट मागून आली. आम्ही दोघं पालथ्या होडीवर चढलो. झोपायचं नाही, एवढंच काम होतं. झोपला तो गेला. तर आस्बियॉर्न म्हणाला, आपण पाळीपाळीनं सांगत राहू. आपापलं सांगायचं, जे आठवेल ते. आधी मी, म्हणाला. आणि सुटलाच तो! मास्तरांच्या बुटात खेकडा सोडलेला... टोर्डिसला पहिल्यांदा नाचायला विचारलं, तेव्हा पायात दोन रंगांचे मोजे होते म्हणे. दातांवर दात आपटत होते त्याचे, पण बोलायचा थांबेना."

कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून टोर्डिसचा आवाज आला. इतका बारीक, की मला आधी ओळखू आला नाही.

"रागावला होता का माझ्यावर?"

"कोण?"

"तो. त्या सकाळी मी त्याला डबा दिला नव्हता."

ओड्मुंड तिच्याकडे बघतच राहिला. "रागावला? अगं, बंदर सोडायच्या आत माझा अर्धा डबा खाल्ला त्यानं! वर म्हणतो, टोर्डिस चीज जाड कापते, तुझ्यासारखी चिक्कू नाही. आणि म्हणाला, घरी गेलो की तिला सांगणार, तू जिंकलीस बाई, जाऊ या शहरात."

टोर्डिसने तोंडावर हात दाबून धरला. सिन्नोवे आईकडे पाहत होती, जणू तिला पहिल्यांदाच पाहते आहे.

"मग माझी पाळी आली," ओड्मुंड म्हणाला. त्याचा आवाज पार खाली गेला. "तो म्हणाला, थकलो रे, आता तू सांग. आणि मला काही सांगता येईना. नव्हतं असं नाही. माणसाकडे असतंच की. पण सवयच नव्हती. मी म्हणालो, वारा जरा पडलाय. तो म्हणाला, गाढवा, वाऱ्याचं नको, तुझं सांग. मी आठवत बसलो. काय सांगू, कुठून सुरू करू... आणि मी गप्प असताना त्याचे डोळे मिटले. मी वळून बघितलं, तर तो नव्हता."

तो खाली बसला. "माझ्याकडे एक गोष्ट असती," तो म्हणाला, "तर तो राहिला असता."

कुणी वाऱ्याविषयी बोलले नाही. टोर्डिस उठली. टेबलांमधून वाट काढत ती त्याच्यापर्यंत आली. ती त्याच्या थोबाडीत मारणार, असे मला वाटले. इतरांनाही वाटले असावे, कारण पाद्री अर्धवट उठले. ती त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"माझा राग आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "पण तो ह्याचा नाही, इतकी वर्षं तू सांगायला आला नाहीस त्याचा. मला वाटायचं, तो मला शिव्या देत गेला. तुला ते माहीत आहे, म्हणून तू माझ्याकडे बघत नाहीस."

"मला वाटायचं, तुला कळलंय मी गप्प बसलो ते."

"मूर्ख आहेस," टोर्डिस म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "मीही मूर्ख. ते मोज्यांचं नीट सांग. दोन रंगांचे? मला कधी दिसलेच नाहीत."

माझ्यातली कॉफी त्या दिवशी थंडगार झाली. कुणी तक्रार केली नाही. समारंभ संपल्यावर "घासून आणते" म्हणून टोर्डिस मला घरी घेऊन गेली, आणि तिने मला परत केले नाही. मंडळानेही मागितले नाही.

त्यानंतर दर गुरुवारी ओड्मुंड तिच्या स्वयंपाकघरात येऊ लागला. ती मला चुलीवर चढवायची, तो आस्बियॉर्नने होडीच्या पाठीवर सांगितलेली एकेक गोष्ट सांगायचा, आणि फोन टेबलावर उभा करून ठेवलेला असायचा, त्यातून सिन्नोवे ट्रोम्सोहून ऐकायची. "मला बाबा हप्त्याहप्त्यानं मिळतायत," ती एकदा म्हणाली. टोर्डिसने नवऱ्याचा फोटो कपाटातून काढून भिंतीवर लावला. तिच्या हातात पुन्हा जोर आला, हे माझ्या अंगाला कळत होते. एका गुरुवारी ओड्मुंडने चक्क स्वतःची गोष्ट सांगितली, लहानपणी आईच्या मागे लपून पहिल्यांदा चर्चला गेल्याची. फार छोटी होती आणि त्याला ती नीट सांगताही आली नाही. टोर्डिस म्हणाली, "बघ, होती की तुझ्याकडे." त्यावर तो इतका रडला, की सिन्नोवे फोनमधून "काय झालं, काय झालं" म्हणून ओरडू लागली.

सगळे सुरळीत झाले, असे मात्र समजू नका. गेलेली वर्षे टोर्डिसला परत मिळाली नाहीत. काही गुरुवारी तिचा राग उफाळून यायचा आणि ती त्याला बसही म्हणायची नाही. तो दाराशी उभा राहून निघून जायचा. ओड्मुंडची धाप वाढतच होती. तिथल्या हिवाळ्यातला काळोखाचा ऋतू सुरू झाला, सूर्य उगवेनासा झाला, आणि डॉक्टरांनी त्याला बाहेर पडू नको म्हणून सांगितले. तो तरीही यायचा. अजून पुष्कळ बाकी आहे, म्हणायचा.

त्या गुरुवारी तो एक नवी गोष्ट सांगत होता. आस्बियॉर्न लहान असताना आजोबांची होडी न विचारता घेऊन पक्ष्यांची अंडी काढायला एका ओसाड खडकावर गेला. होडी नीट बांधली नाही, ती वाहून गेली. पोरगा एकटा खडकावर, भरती चढतेय, आणि दूर पाण्यातून काहीतरी त्याच्या दिशेने येतेय.

"मग?" फोनमधून सिन्नोवेने विचारले.

"मग ते जवळ आलं," ओड्मुंड म्हणाला आणि छातीवर हात ठेवून हसला. "दम लागला गं पोरी. बाकीचं पुढच्या गुरुवारी."

पुढच्या गुरुवारी सभाघरात त्याची आठवणीची कॉफी झाली. मला टोर्डिसने स्वतः उचलून नेले. त्याचे रक्ताचे कुणी नव्हते, म्हणून चमचा तिनेच वाजवला. तिने ओड्मुंडची ती चर्चची छोटीशी गोष्ट सांगितली, त्याला जमली नव्हती तितकी नीट. मग ती खडकावरच्या पोराची गोष्ट सांगू लागली, आणि जिथे ओड्मुंड थांबला होता तिथे येऊन थांबली.

मित्रांनो, मला घासून चकचकीत ठेवा, अशी विनंती करायचे माझे वय गेले. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात, तुमच्या शेजारी कुणी बरीच वर्षे गप्प असेल, तर त्याला विचारा. तो बोलायला उठला तर मायेनेसुद्धा त्याला खाली बसवू नका. हातातली किटली टेबलावर ठेवा आणि ऐका. आणि तुमची पाळी आली, तर कितीही वेडेवाकडे का होईना, सांगा. या कामाला पुढचा गुरुवार धरू नका.

सिन्नोवे अजूनही सुट्टीत घरी आली की आईला विचारते, त्या खडकावर पुढे काय झालं असेल? टोर्डिस तिला रोज काहीतरी वेगळे सांगते. खरे काय झाले, ते आता कुणालाच माहीत नाही.